लाईट बिल कमी करायचंय? आधी तुमचं शेवटचं युनिट कितीला पडतंय ते बघा

मे महिन्याचं लाईट बिल आलं की आमच्याकडे नाशिकला दरवर्षी एकच कार्यक्रम व्हायचा, मिस्टर बिल हातात घेऊन "एवढं कसं आलं" म्हणणार, सासूबाई पॅसेजमधला दिवा बंद करणार, मुलाला मोबाईलच्या चार्जरवरून बोलणी बसणार आणि चार दिवसांनी सगळं होतं तसं. २०२४ च्या मे मध्ये ३४० युनिटं आली तेव्हा मात्र मी बिल घेऊन बसलेच, कारण मला खरंच कळत नव्हतं की युनिटं थोडीशीच वाढलीत तर पैसे एवढे कसे वाढले. तेव्हा जे कळलं आणि नंतर दीड-दोन वर्षात घरात जे जे करून बघितलं ते सगळं इथे सांगते, कारण आजूबाजूला बघते तर लोक आधी स्मार्ट बल्ब, स्मार्ट स्विच असं काय काय घेऊन येतात आणि बिल तिथल्या तिथेच राहतं.

आधी युनिट म्हणजे काय ते. १००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट, बस. पॅसेजमधला ९ वॉटचा एलईडी रोज पाच तास चालला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. मोबाईल चार्जिंगचं महिन्याचं अर्धं-पाऊण युनिट. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून आमच्या घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा व्हायचा त्या दोन्ही मिळून महिन्याला दोन युनिटं पण नव्हती, बाकीची ३३८ कुठे जात होती ते कुणीच बघितलेलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, स्लॅब. महाराष्ट्रात घरगुती विजेचे चार स्लॅब आहेत, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीची वीज असेल तर दर वेगळे, पण पायऱ्या ह्याच. महावितरणचे २०२४-२५ चे दर घेते कारण आमचं ते बिल त्याच वर्षातलं आहे: पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, पुढच्या २०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ पासून १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या वर १६ रुपये ६४ पैसे. ह्याच्यावर प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, आणि मग ह्या सगळ्याच्या डोक्यावर १६ टक्के वीज शुल्क. सगळं धरलं तर पहिल्या शंभरातलं युनिट पावणेसात रुपयांच्या थोडं वर, मधल्या स्लॅबमधलं १३ रुपये ३० पैशांना आणि तीनशेच्या पुढचं सव्वाअठरा रुपयांना पडतं. वीज नियामक आयोग हे दर बदलत असतो त्यामुळं आकडे इकडेतिकडे होतील, पण जिन्याचा आकार तोच राहतो, वर जाल तशी पायरी उंच.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की १०१ वं युनिट पडलं की सगळीच्या सगळी युनिटं महागड्या दराने लागतात. तसं नाही. पहिली शंभर सगळ्यांना स्वस्तच मिळतात, बंगल्यात तीन एसी असले तरी. महाग पडतात ती फक्त वरची. आणि म्हणूनच, तुम्ही जेव्हा वापर कमी करता तेव्हा तो वरून कमी होतो, म्हणजे सगळ्यात महागडी युनिटं आधी गळतात. आमच्या ३४० चं उदाहरण घ्या, स्थिर आकार (युनिटं कितीही असोत, दर महिन्याला लागतोच तो) सोडून ते बिल झालं साधारण ४०७० रुपये. त्यातली ६० युनिटं कमी केली तर वरची ४० सव्वाअठराची आणि त्याखालची २० सव्वातेराची अशी मिळून ९९५ रुपये वाचतात. युनिटं कमी झाली साडेसतरा टक्के आणि पैसे कमी झाले जवळजवळ पंचवीस टक्के! हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की अरे, ह्यात काहीतरी करता येण्यासारखं आहे.

आणि उलटं पण तितकंच खरं. ज्यांचं बिल मुळात ८०-९० युनिटांचं आहे, एक खोली, दोन पंखे, टीव्ही, छोटा फ्रिज, त्यांचं वाचलेलं युनिट पावणेसात रुपयांचं. त्यामुळं जी वस्तू माझे पैसे वर्षात वसूल करून देते ती त्यांना दोन वर्षं लावेल. "ह्या पंख्याने हजारो रुपये वाचतात" असं कुणी सांगितलं की विचारायचं, कुणाचे? कुठल्या स्लॅबमधले?

तर वीज जाते कुठे. ह्याच्यासाठी सगळ्यात भारी यंत्र तुमच्या दाराबाहेर आधीच लावलेलं आहे, मीटर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारकी लाल लाईट लुकलुकत असते, आणि तिच्या जवळ इंग्रजीत लिहिलेलं असतं की किती लुकलुकी म्हणजे एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा आकडा असू शकतो. ३२०० असेल तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण १९ वॉट. फक्त एक जुना पंखा चालू ठेवला तर मिनिटाला चार वेळा लुकलुकते, गिझर लावला की शंभरच्या वर जाते, मोजतासुद्धा येत नाही. मीटरला हात लावायचा नाही, सील तर अजिबातच नाही, नुसतं लांबून घड्याळ लावून बघायचं. मी आणि मुलगा एका रविवारी बसलो, तो आतून एकेक बटण चालू बंद करायचा आणि मी बाहेरून मोजायचे. त्याला विज्ञानात वॉट आणि किलोवॉट अवर शिकवलेलं होतं पण त्याला ते खरं त्या दिवशी कळलं असं तो स्वतःच म्हणाला.

त्या रविवारी सगळ्यात धक्कादायक काय निघालं तर, फ्रिजची पिन काढलेली, दिवे पंखे सगळे बंद, आणि तरी मिनिटाला दोन लुकलुकी. म्हणजे ३७-३८ वॉट, रात्रंदिवस, महिन्याला २७ युनिटं! शोधत गेलो तर टीव्हीचा सेटटॉप बॉक्स (रिमोटने बंद केला की तो बंद होत नाही, नुसता डोळा मिटून बसतो), वायफायचा राउटर आणि जिन्याखालचा जुना इन्व्हर्टर. राउटर काही बंद करता येत नाही, मुलाचा अभ्यास आणि मिस्टरांचं काम. सेटटॉप बॉक्स मात्र आता रात्री भिंतीवरच्या बटणानेच बंद होतो. इन्व्हर्टरचं काय करायचं ते तुमच्याकडे लाईट किती जाते त्यावर आहे, आमच्याकडे पावसाळ्यात जाते म्हणून तो राहिला, पण बॅटरी म्हातारी झाली होती ती बदलली. तुमच्याकडे सगळं काढून, अगदी प्लगसुद्धा काढून, मीटर लुकलुकतच राहिलं तर मात्र वायरिंगमध्ये लीकेज असू शकतं, तेव्हा वायरमनला बोलवा, तो बिलाचा नाही जिवाचा प्रश्न आहे.

आता स्मार्ट प्लगबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की घरात एकच स्मार्ट प्लग घ्यावा, युनिट मोजणारा आणि १६ अँपिअरचा, आणि तो घरभर फिरवावा. तीन दिवस फ्रिजला, आठवडाभर वॉशिंग मशीनला, मग गिझरला. हजार रुपयांच्या आसपास मिळतो, दोन-तीन घरांनी मिळून घेतला तरी चालतो. १६ अँपिअर म्हणते ते ह्यासाठी की २००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो आणि ३००० वॉटचा १३, आणि बाजारात जे छोटे स्वस्त प्लग असतात ते ६ किंवा १० चे असतात, तसला एक आम्ही आधी गिझरला लावला होता तर आठ दिवसात प्लॅस्टिक पिवळं पडून वास यायला लागला. नशीब घरात होतो.

प्लग स्वतः वीज वाचवत नाही हे लक्षात ठेवा. तो दाखवतो आणि वेळेवर बंद करतो, एवढंच. स्मार्ट बल्ब तर वायफायला जोडलेला राहण्यासाठी बंद असताना पण थोडी वीज खात राहतो, त्यामुळं बिलासाठी म्हणून तो घेऊ नये. हौस असेल तर घ्या, रंग छान दिसतात.

फ्रिजला प्लग लावला तर दिवसाला २.१ युनिट दाखवलं. तेरा वर्षांचा फ्रिज. मी लगेच नवीन घ्यायला निघाले होते पण मिस्टरांनी दाराचं रबर बघितलं, दारात कागद अडकवून ओढला तर सहज निघून आला, म्हणजे दार घट्ट बसतच नव्हतं. रबर बदललं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची जाळी झाडली, आणि आकडा १.७ वर आला. महिन्याला बारा युनिटं, काही शे रुपयांत. नवीन घेणारच असाल तर स्टारचं लेबल नीट वाचा, नुसते तारे मोजू नका. ऊर्जा दक्षता ब्युरो, ज्याला सगळे बीईई म्हणतात, त्यांची ही स्टार पद्धत २००६ पासून आहे आणि ते निकष मधून मधून कडक करतात, त्यामुळं जुन्या काळातला पाच स्टार आजच्या मोजपट्टीवर तीनच भरेल. लेबलवर वर्षाला किती युनिटं लागतील तो आकडा छापलेला असतो, आणि लेबल कुठल्या काळापुरतं आहे ते पण. दोन फ्रिजमधला फरक बघायचा तर त्या आकड्यांची वजाबाकी करायची आणि आपल्या स्लॅबच्या दराने गुणायचं, दुकानदाराला काही विचारायची गरजच नाही.

पंखे! ह्याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त तास चालणारी वस्तू पंखा आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित पण तीच. साधा पंखा ७० ते ८० वॉटचा. नवीन बीएलडीसी पंखा फुल स्पीडला ३० च्या आसपास, मोटरच वेगळी असते आत, लोहचुंबकाची. रोज पंधरा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला २० युनिटं वाचतात. आमच्यासारख्या मधल्या स्लॅबमधल्या घरात ते झाले २६९ रुपये, तीनशेच्या वर असाल तर ३६९, आणि शंभरच्या आतल्या घरात १३८. पंखा तीन हजारापर्यंत येतो. म्हणजे आमचा अकरा महिन्यात वसूल, शंभरच्या आतल्याचा पावणेदोन-दोन वर्षात, आणि तोही वर्षभर पंधरा तास चालला तर. म्हणून सगळे पंखे बदलू नका. हॉलमधला आणि झोपायच्या खोलीतला बदला, देवघरातला आणि पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. कोकणात किंवा मुंबईला बाराही महिने पंखा चालतो तिथे आणखी लवकर वसूल होईल, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पंख्याला कुणी हात लावत नाही. आणि जुना मोठा चौकोनी रेग्युलेटर असेल, जो गरम होतो, तर पंखा हळू केल्यावर जी वीज वाचायला हवी ती त्या रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जाते, तो तरी बदलून छोटा इलेक्ट्रॉनिक बसवा, शे-दोनशेचं काम आहे. बीएलडीसीला मात्र भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, त्याचा रिमोट असतो, वायरमन रेग्युलेटर काढून सरळ जोडतो. सासूबाईंना आधी रिमोट नको होता, आता रात्री पांघरूण न काढता पंखा कमी करता येतो म्हणून त्या खूष आहेत.

गिझरचं गणित पाण्याचं आहे, यंत्राचं नाही. एका बादलीचं आंघोळीपुरतं पाणी तापवायला साधारण ०.३८ युनिट लागतं, चार माणसं म्हणजे दीड युनिट, महिन्याला ४५. ते कुठल्याही गिझरने कमी होत नाही, पाणी तापायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागतेच. कमी काय होतं तर टाकीत तापवून ठेवलेलं पाणी नुसतं उभ्या उभ्या निवतं ते. आमच्याकडे सकाळी सहाला लावलेला गिझर सगळ्यांची आंघोळ होईपर्यंत, म्हणजे कधी कधी अकरापर्यंत चालूच. आता प्लगला वेळ लावून दिलीय, सव्वासहा ते सात, त्या वेळात ज्याची त्याची आंघोळ. तापमान ६० वरून ५० वर आणलं, नाहीतरी आपण बादलीत गार पाणी मिसळतोच.

एसीचं सगळ्यांना माहीत आहे तरी सांगते. एक डिग्री वर ठेवला की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते असं बीईईचं म्हणणं आहे, आणि १ जानेवारी २०२० पासून एसी सुरू होतानाच २४ वर सुरू व्हावा असा नियमच आहे. २६ आणि वर हळू पंखा, आमचा हा फॉर्म्युला जमला. एसीच्या लेबलवरचा वर्षाचा आकडा १६०० तासांचा असतो, तुम्ही वर्षात दोनच महिने रात्री लावत असाल तर तुमचे तास निम्मेसुद्धा होणार नाहीत, मग पाच स्टारसाठी जास्तीचे आठ-दहा हजार टाकायचे की नाही ते त्या हिशोबाने ठरवा. आणि एसीला स्मार्ट प्लग लावून धाडकन बंद करू नका, कॉम्प्रेसरला ते चांगलं नाही. रिमोटची नक्कल करणारी एक छोटी डबी मिळते, आयआर ब्लास्टर, ती जुन्या एसीला पण चालते आणि पहाटे चारला एसी बंद करून पंखा तसाच ठेवायचं काम व्यवस्थित करते.

पाण्याच्या मोटरचं दोन ओळीत. एक एचपीची मोटर तासाला जवळजवळ एक युनिट खाते, टाकी भरून वाहत असताना अर्धा तास जास्त चालली तरी महिन्याला १५ युनिटं आणि पाणी गेलं ते वेगळंच. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवा. मला विचाराल तर घरातलं सगळ्यात खरं "स्मार्ट" यंत्र हेच आहे, आणि त्याला ना ॲप लागतं ना वायफाय.

एक गोष्ट अजिबात घेऊ नका. "प्लगमध्ये लावा आणि ४० टक्के बिल वाचवा" अशी एक छोटी डबी ऑनलाईन विकतात, हिरवा दिवा लागतो तिला. आत एक कपॅसिटर असतो. कारखान्यांना पॉवर फॅक्टरचा हिशोब बिलात लागतो त्यामुळं त्यांना कपॅसिटरचा उपयोग होतो, पण घरगुती बिलात आपण फक्त वापरलेल्या किलोवॉट अवरचे, म्हणजे युनिटांचेच, पैसे देतो, त्यात त्या डबीने काडीचाही फरक पडत नाही. माझ्या माहितीतल्या तीन घरांनी घेतलीय, आणि तिघांनाही वाटत होतं की आपल्यालाच ती नीट वापरता येत नाही.

आता सवलती. महावितरण जे नवीन मीटर बसवतंय ते टीओडी मीटर, म्हणजे कुठल्या वेळेला किती वीज वापरली ते वेगळं मोजणारं. १ जुलै २०२५ पासून अशा मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ह्या वेळेतल्या वापरावर युनिटामागे सवलत आहे, ८० पैशांपासून सुरू होऊन पुढच्या काही वर्षात एक रुपयापर्यंत. कारण सरळ आहे, दुपारी सौर ऊर्जेची वीज भरपूर आणि स्वस्त असते आणि संध्याकाळी सगळे एकदम दिवे, टीव्ही, गिझर लावतात तेव्हा ती नसते. म्हणून वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सरची मोठी कामं, मोटर दिवसा. पण अपेक्षा माफक ठेवा, महिन्याला ६० युनिटं तुम्ही दिवसा सरकवलीत तर वाचतात पन्नासेक रुपये. वरच्या स्लॅबमधली तीन युनिटं वापरलीच नाहीत तर तेवढेच पैसे वाचतात. दोन्ही करा, पण नोकरी करणाऱ्या बाईने दुपारी मशीन लावता येत नाही म्हणून जीव खाली-वर करून घेऊ नये इतकंच.

बाकी बारीकसारीक सवलती आहेत, बिल आल्यापासून लवकर भरलं तर एक टक्का, कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर गो ग्रीनचे बिलामागे दहा रुपये. थोड्याच आहेत पण एकदा फॉर्म भरला की काही करावं लागत नाही. पुण्यात माझी बहीण राहते, तिच्या सोसायटीला महापालिका मिळकत करात सूट देते, सौर यंत्रणा, गांडूळखत आणि पावसाचं पाणी जिरवणं ह्यातलं एक केलं असेल तर ५ टक्के आणि जास्त केलं असेल तर १० टक्के. पण ते चालू स्थितीत असावं लागतं. त्यांचे सोलर वॉटर हीटर दोन वर्षं बंद पडून होते, कुणी लक्षच दिलं नव्हतं, गच्चीवरचा एक व्हॉल्व्ह गेला होता फक्त.

गॅस की इंडक्शन हा प्रश्न मला बरेच जण विचारतात त्यामुळं ते पण स्लॅबच्याच भाषेत सांगते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये जेवढा स्वयंपाक होतो तेवढा इंडक्शनवर करायला साधारण १३० युनिटं लागतात. ती सगळी मधल्या स्लॅबमध्ये पडली तर साडेसतराशे रुपये झाले, सिलिंडर हजाराच्या आत आहे तोवर हे परवडत नाही. पहिल्या शंभरात जागा असलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला बरोबरीत पडेल. आणि गच्चीवर सोलर असून युनिटं उरत असतील तर इंडक्शनच.

सोलरबद्दल आता, कारण सगळ्यात मोठी सवलत तिथेच आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, एक कोटी घरांसाठी. सब्सिडी अशी आहे की पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्याच्यापुढे काही नाही, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॉटला १८,००० वेगळे. एक किलोवॉटला गच्चीवर शंभरेक चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटं निघतात, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. दिवसा तयार होऊन घरात न लागलेली वीज नेट मीटरमधून बाहेर जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते.

इथे मला कळकळीने सांगायचंय की सोलर सगळ्यात शेवटी करा. लोक आज ३४० युनिटं येतात म्हणून तीन किलोवॉट बसवतात. आम्ही आधी पंखे, फ्रिजचं रबर, गिझर, सेटटॉप बॉक्स हे सगळं केलं, २०२५ चा मे २६८ वर आला आणि वर्षाची सरासरी २२० च्या आसपास. तेवढ्याला दोन किलोवॉट पुरतं. खर्च सव्वा लाख आला, साठ हजार सब्सिडी, उरलेले पासष्ट हजार वरच्या २०२४-२५ च्या दराने धरले तर अडीच वर्षात निघतात. तिसरा किलोवॉट घेतला असता तर त्यावर सब्सिडी कमी, आणि वर्षाच्या शेवटी जी युनिटं शिल्लक राहतात त्यांचे पैसे आपण देतो त्या दराने मिळत नाहीत, फार कमी मिळतात. स्थिर आकार मात्र सोलर बसवलं तरी भरावाच लागतो, बिल शून्य होईल असं सांगणाऱ्या सेल्समनला हा प्रश्न नक्की विचारा. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच पाहिजेत नाहीतर सब्सिडी मिळत नाही, हे पण कोटेशनवर लेखी घ्या. तोंडी नको.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एक काम आजच करा, बिलावर नाव कुणाचं आहे ते बघा. सोलरचा अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि सब्सिडी पण त्याच माणसाच्या खात्यात येते. आमचं मीटर सासऱ्यांच्या नावावर होतं, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली पण बिल वेळेवर भरलं जात होतं म्हणून कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग ते सासूबाईंच्या नावावर करायला मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, दीर आणि नणंदेचं ना हरकत पत्र, नणंद असते बडोद्याला, तिची सही यायलाच पंधरा दिवस, असं करत दीड महिना गेला. आधारवरचं आणि बिलावरचं नाव अक्षर न अक्षर जुळायला पाहिजे, आमच्याकडे एका ठिकाणी "बाई" होतं आणि एका ठिकाणी नव्हतं, तेवढ्यावरून अर्ज एकदा परत आला. थकबाकी असेल तर ती आधी भरा. नेट मीटर बसून तपासणी झाली की पोर्टलवर बँकेचं खातं भरायचं असतं, ते आधारला जोडलेलं आहे ना ते बघून ठेवा, सासूबाईंचं नव्हतं, त्यासाठी त्यांना घेऊन आणखी एकदा बँकेत जावं लागलं.